शहाणी झाले म्हणून

“तोंड उघड.”

मी उघडलं. मोठ्या डॉक्टरांनी बोट घालून माझा गाल आतून ताणला. दाढा बघितल्या. वरच्या, खालच्या. मग बोट रुमालाला पुसलं आणि मागं उभ्या असलेल्या बायांना म्हणाले, “यांना स्वतःची वयंसुद्धा ठाऊक नसतात. दात बघूनच ठरवावं लागतं.”

बाया हसल्या. चांगल्या घरच्या बाया. बारामतीतल्या पेढीवाल्यांच्या, अडत्यांच्या. दवाखाना त्यांच्याच देणग्यांवर चालायचा. सणासुदीला पोरांना खाऊ वाटायला यायच्या, तशा त्या दिवशी आल्या होत्या.

माझा बाप मेंढरांचे दात बघून वय सांगायचा. बाजारात गिऱ्हाईक तसंच बोट घालतं. मेंढरू निदान मान हिसडतं. मी हिसडली नाही.

“वळ,” डॉक्टर म्हणाले. मी वळले. “पुन्हा वळ.” पुन्हा वळले. व्हरांड्यात सगळी पोरं भिंतीला टेकून बसली होती. बघत होती.

मग त्यांनी नर्सबाईला विचारलं, “शहाणी झाली का ही?”

नर्सबाई काही बोलायच्या आत मीच म्हणाले, “व्हय सायब. झाले मी शहाणी.”

मला वाटलं, ते माझ्या डोक्याचं विचारतायत. त्या दवाखान्यात आले तेव्हा मी वेडी होते. आता बरी होत होते. कुणीतरी मोठ्या माणसानं ते विचारावं, याची मी वाटच बघत होते. म्हणून हसून सांगितलं.

बायांनी पदर तोंडाला लावले. एकीला तर हसून ठसकाच लागला. नर्सबाईनं माझा दंड दाबला आणि कानात म्हणाली, “अगं, न्हाण आलं का म्हणून इचारतायत ते.”

आमच्याकडं पोरीला पहिल्यांदा विटाळ आला की ‘पोरगी शहाणी झाली’ म्हणतात. मला ठाऊक होतं. त्या वेळी सुचलं नाही.

आलं होतं न्हाण. नुकतंच.

“मग झालं,” डॉक्टर म्हणाले. “मुलांच्या दवाखान्यात बाई ठेवता येत नाही. हिच्या घरी निरोप पाठवा. घेऊन जा म्हणावं.”

कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीच्या दारात वकिलांचा मुलगा उभा होता. त्यालाही डोक्याचा आजार. त्याला मिसरूड फुटलं होतं, गालावर वस्तरा फिरत होता. मी त्याच्याकडं बोट केलं. “त्यो बी मोठाच झालाय की सायब.”

हसणं थांबलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

“तो चांगल्या घरचा मुलगा आहे,” ते म्हणाले. “तोंड सांभाळून बोल.”

तो मूल राहिला. मी बाई झाले.

*

आम्ही धनगर. इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पार शेवटाला आमचं गाव. माझ्या आज्याकडं मेंढवाड्यात मावणार नाही एवढी मेंढरं होती म्हणतात. कालव्याचं पाणी आलं, माळाचे मळे झाले, चरणीची रानं गेली. माझ्या बापानं, आबानं, उरलेली मेंढरं विकली आणि एका बागायतदाराच्या उसाला पाणी द्यायला, दारं धरायला राहिला. आयुष्यभर कोरड्या माळावर हिंडलेला माणूस दिवसभर चिखलात उभा. पायांची बोटं कुजायची त्याची.

आई साथीत गेली. ताप आला आणि गेली. मी तेव्हा लहान होते, परकर नेसायची. आई गेल्यावर काही दिवसांनी मला तिची हाक ऐकू यायला लागली. कालव्यातून. धुणं धुवायला बसले की पाण्यातून यायची. “ये गं. हितं ये.” माझ्याच आईचा आवाज. मी कशी नाही जाणार. एकदा कमरेएवढ्या पाण्यात गेले, तर कालव्यावरच्या पाटकऱ्यानं वेणीला धरून बाहेर काढली.

मग गावानं उपाय केले. मिरच्यांची धुरी दिली. देवऋष्यानं फोकानं मारलं. माझ्या पाठीवर त्याचे वळ अजून हात फिरवला तर लागतात. मी बोलायची बंद झाले. खायची बंद झाले. पोरं माझ्यामागं “येडी, येडी” करत यायची.

बारामतीत पोरांचा धर्मादाय दवाखाना हाय, तिथं डोक्याची पोरं बी घेतात, असं आबाला बाजारात कुणीतरी सांगितलं. आबानं मला पाठीवर घेऊन तिथं नेलं. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. नवी यष्टी सुरू झाली होती, पण कंडक्टरनं मला बघून आम्हाला चढू दिलं नाही.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. तरुण. खादीचं लुगडं नेसायच्या. मला खाटेवर बसवून त्यांनी जे विचारलं, ते तोवर कुणी विचारलं नव्हतं.

“आवाज काय म्हणतो?”

गावानं विचारलं होतं, कोण लागलंय, कुठून लागलंय, काय घेऊन जाईल. आवाज काय म्हणतो, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या भ्याल्या नाहीत. हसल्या नाहीत. म्हणाल्या, “रोज संध्याकाळी मी विचारीन. तू सांगायचं. आला तर आला, नाही तर नाही.”

रोज संध्याकाळी एक कडू औषध मिळायचं आणि तो प्रश्न मिळायचा. औषधानं झोप लागायची. प्रश्नानं काय झालं ते मला सांगता येत नाही. एवढं खरं, की आवाज आला की आता मी पाण्याकडं जात नव्हते. संध्याकाळची वाट बघत होते. बाईंना सांगायचं म्हणून.

मी जेवायला लागले. बाईंनी मला अक्षरं शिकवली. दवाखान्याच्या मागं वांग्यांचे वाफे होते, ते मी सांभाळायला लागले. आणि चंद्रीला सांभाळायला लागले.

चंद्री सुप्याकडची. जिरायती शेतकऱ्याची पोर. माझ्याहून बारकी. बोलायची नाही. भ्याली की स्वतःचाच हात चावायची, रक्त येईपर्यंत. सगळ्यांना वाटायचं ती दुसऱ्याला चावेल. ती कुणाला कधीच चावली नाही. भाकरी तिच्या हातात दिली की टाकून द्यायची. शेजारी बसून, तिच्याकडं न बघता, घास पुढं धरला की खायची. हे मला हळूहळू कळलं. पुढं तिला जेवू घालायचं काम माझंच झालं.

तिथून मला काढलं. का, ते सांगितलंच.

*

आबा न्यायला आला तेव्हा डॉक्टरीणबाई व्हरांड्याच्या खांबाशी उभ्या होत्या. ज्या दिवशी माझे दात बघितले, त्या दिवशीही त्या तिथंच होत्या. खाली बघत होत्या. मोठ्या डॉक्टरांपुढं त्या बोलत नसत.

आबा हात जोडून म्हणाला, “बाई, पोर बरी होत चाललीया. अजून थोडे दिस ऱ्हाऊ द्या.”

“माझ्या हातात नाही हो,” त्या म्हणाल्या. “हा दवाखाना मुलांचा आहे.”

“मग मोठ्यांचा कुठं हाय?”

बाईंनी एका मोठ्या शहराचं नाव घेतलं. तिथं वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं. “पण तिथं न्यायची पाळी येऊ देऊ नका,” म्हणाल्या. आणि औषधाची एक बाटली आबाच्या हातात दिली.

कसं येऊ द्यायचं नाही, ते नाही सांगितलं.

बाटली संपली. आबा बारामतीला गेला. कंपाउंडर म्हणाला, “ती आता आमच्याकडची न्हाय.” आबा इंदापुरात एका डॉक्टरकडं गेला. तो म्हणाला, “हे औषध मी ठेवत नाही. आणि वेडाचं मी बघत नाही.” आबा दोन्हीकडं पायी गेला. दोन्हीकडून पायी आला. घरी येऊन उंबऱ्यावर बसला आणि पाय चोळत राहिला.

दवाखान्यात पोर म्हणून माझं कुणीतरी होतं. इस्पितळात वेडी म्हणून कुणीतरी असेल. त्या दोन्हींच्या मधे मी होते, तिथं कुणीच नव्हतं. आबा होता. आबाला काय कळत होतं.

आवाज परत आला. या वेळी नुसती आई नव्हती, बाया हसल्याचा आवाजही होता. मी कान दाबून घरात बसायची. आबा कामावर जाताना दाराला बाहेरून कडी घालायचा, मी पाण्यावर जाऊ नये म्हणून. मी दार बडवायची. गाव जमायचं. शेवटी गावातली चार शहाणी माणसं आबाला म्हणाली, “पोर वयात आलीया. कुणी हात घातला तर तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय. देऊन टाक सरकारात.”

वेड्यांच्या इस्पितळात घालायचं तर साहेबाचा हुकूम लागतो. आबानं मला इंदापूरला एका साहेबापुढं उभं केलं. साहेब कागदाकडं बघत आबाशी बोलत होते. किती दिवसांपासून वेडी आहे. मारते का. कपडे फाडते का. आबा प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं बघायचा आणि मान हलवायचा.

मी म्हणाले, “सायब, मला इचारा. मी सांगते.”

साहेबांनी आबालाच विचारलं, “ही अशी मधे मधे बोलते का नेहमी?”

कागदावर आबाचा अंगठा उठला. शिपायानं माझ्या मनगटांना दोरी लावली. मी म्हणाले, “मी चालते की. दोरी कशाला?” तो म्हणाला, “नियम हाय.” यष्टीत त्यानं दुसरं टोक बाकाच्या दांडीला बांधलं. आबा यष्टीच्या मागं थोडा पळाला. नंतर धुळीत दिसेना.

*

इस्पितळाचं फार सांगत नाही. पहिल्या दिवशी डोकं भादरलं. तिथं माझ्या आईच्या वयाच्या बाया होत्या, आजीच्या वयाच्या होत्या. तरणी पोर बघून काहीजणी जवळ ओढायच्या, काहीजणी मारायच्या. फरशीवर पाणी ओतून सगळ्यांना एकदम अंघोळ. कपडे काढून रांगेत. नाव कुणी विचारत नव्हतं. आवाज काय म्हणतो, हे तर नाहीच.

मग मीच विचारायला लागले. संध्याकाळ झाली की भिंतीकडं तोंड करून स्वतःला विचारायची, “आज आला का? काय म्हणाला?” आणि उत्तर द्यायची. रखवालदारणी म्हणायच्या, बघा, भिंतीशी बोलती. त्यांच्या लेखी ते माझं वेड. माझं म्हणाल तर तेवढंच एक औषध होतं.

आबा जमेल तेव्हा यायचा. दर खेपेला तिथल्या डॉक्टरांच्या पाया पडायचा. शेवटी, दुसरा उन्हाळा सरत आला तेव्हा, त्यांनी मला सोडलं. बरी झाले म्हणून सोडलं, का आबाला कंटाळून, ते मला कळलं नाही.

त्यानंतर आबा फार जगला नाही. गावात माझ्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. मी काटेवाडीला गेले आणि एका माळवंवाल्याच्या मळ्यात रोजानं लागले. गवारी तोडायची, वांगी काढायची, पाट्या भरायच्या. त्याला माझं माहीत होतं. म्हणून मजुरी कमी. मळ्याच्या कडेला खोपटात मी एकटी राहायची.

आवाज यायचा. येतो. मी त्याला विचारते आणि कामाला लागते.

*

एका बाजाराच्या दिवशी मालकाचं माळवं घेऊन बारामतीला आले होते. पाट्या उतरवून मोटार स्टँडवरून जात होते, तर गर्दी दिसली. गर्दीच्या मधे एक शिपाई. त्याच्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला एक पोरगी जमिनीवर बसलेली. स्वतःचा हात चावत.

चंद्री.

मोठी झाली होती, म्हणजे तिलाही दवाखान्यातून काढलं होतं. अंगानं भरली होती. परकर गेला होता, लुगडं गुंडाळलं होतं, ते सुटत होतं. लोक बघत होते. तिची आई शेजारी उभी राहून पदर तिच्या अंगावर टाकत होती, तो परत खाली पडत होता.

मी गर्दीत घुसले. चंद्रीच्या शेजारी बसले. तिच्याकडं न बघता बसले. लुगडं नीट खोचलं. तिच्या आईच्या फडक्यातली भाकरी घेतली, घास मोडला आणि पुढं धरला. बराच वेळ धरला. मग तिनं हात तोंडातून काढला आणि घास घेतला.

शिपाई म्हणाला, “तू कोण गं?”

“मी बी तिथंच जाऊन आलीया,” मी म्हणाले. “दोरी सोडा. ती पळायची न्हाय. मी संगं येते.”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “येडी येडीला घिऊन निघाली.” हशा पिकला. तोच हशा. पण या वेळी मी खाली बघितलं नाही. त्या माणसाकडं बघत राहिले. तो गर्दीत मागं सरकला.

शिपायानं दोरी सोडली नाही. पण मला यष्टीत चढू दिलं. चंद्री माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली. तिची आई वाटभर मला विचारत होती, “तिथं जेवाय घालतात का? मारत न्हाईत ना?” मला खोटं बोलता येईना. मी म्हणाले, “तुमी येत ऱ्हावा, मावशी. येत ऱ्हायलं की थोडं बरं वागतात.”

इस्पितळाच्या फाटकावर मला अडवलं. मी रखवालदारणीला सांगायला लागले. “ती चावत न्हाय कुणाला. भ्याली की सोताचाच हात चावती. भाकरी हातात देऊ नका. शेजारी बसा, बघू नका, घास पुढं धरा.” ती म्हणाली, “व्हय व्हय,” आणि फाटक लावलं. आतून चंद्रीचा आवाज आला. कधी न बोललेली पोर ओरडत होती.

पुढच्या खेपेला तिची आई आणि मी दोघी गेलो. फाटकावर सांगितलं, ती गेली. खात नव्हती, म्हणाले. माती देऊन झाली होती. कुठं दिली, ते त्यांनाही धड सांगता आलं नाही.

तिची आई फाटकापाशी बसली. रडली नाही. मला म्हणाली, “पोरांच्या दवाखान्यात खात हुती की गं ती.”

मी तिला सुप्यापर्यंत पोचवलं आणि परतीच्या वाटेवर ठरवलं.

*

दुसऱ्या दिवशी मळ्यात गेले नाही. बारामतीला त्या दवाखान्यात गेले. व्हरांड्यात मोठे डॉक्टर खुर्चीवर बसले होते. पोरं भिंतीला टेकून बसली होती. नवी पोरं. एक-दोन जुनी.

मी पायरीवर उभी राहिले. चप्पल काढली नाही.

“चंद्री मेली,” मी म्हणाले.

“कोण चंद्री?”

मी सांगितलं. त्यांना आठवलं की नाही कळलं नाही. “वाईट झालं,” ते म्हणाले. “पण ती इथून गेली तेव्हा जिवंत होती. पुढचं आमच्याकडं येत नाही.”

“पुढचं कुणाकडं येतं सायब?”

“तू कोण मला विचारणारी?”

“माझे दात बघितलेत तुमी,” मी म्हणाले. “हितं, ह्याच जागंवर. आता ऐका. हितून पोर काढाल तेव्हा ती कशी खाती, कशाला भिती, कोणतं औषध घेती, ते पुढच्याला सांगितल्याबिगर काढायची न्हाय. सांगणार नसाल तर मला बोलवा. मी सांगीन. न्हाय बोलावलंत तर मी हितंच पायरीवर बसून ऱ्हाईन. तुमच्या देणगीवाल्या बाया आल्या की त्यांनाबी सांगीन, चंद्री कशी मेली ती.”

डॉक्टर उठले. “वेडी आहे ही. बाहेर काढा.”

“व्हय. येडी हाय,” मी म्हणाले. “म्हणून मला ठाऊक हाय.”

दवाखान्याच्या शिपायानं मला दंडाला धरून फाटकाबाहेर ढकललं. गुडघा फुटला. मी उठून परत आत आले. परत ढकललं. पोरं बघत होती. या वेळी त्यांनी बघावं असंच मला वाटत होतं.

मी फाटकाशी बसले. उन्हं कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या अजून तिथंच होत्या. केस पिकायला लागले होते. माझ्यासमोर थांबल्या. मला वाटलं, विचारतील, आवाज येतो का. त्यांनी विचारलं नाही. मागं वळून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “गंगीला काढणार आहेत. इंदापूरच्या अलीकडं तिचं गाव. बाप भाजी विकतो. तिला अंधाराची भीती वाटते. दिवा लागतो.” आणि चालत्या झाल्या.

एवढंच. एवढं वर्षांपूर्वी माझ्याबद्दल कुणाला सांगितलं असतं तर, असं मनात आलं. मी ते तिथंच सोडलं. त्याचा आता उपयोग नव्हता.

मी बरी नाही. पुरती बरी होणारही नाही. मला औषधातलं कळत नाही. मोठ्यांचा दवाखाना मला काढता येणार नाही, इस्पितळाची भिंत मला पाडता येणार नाही, आणि डॉक्टर बदलतील असंही मला वाटत नाही. गंगीला वाचवता येईल की नाही, तेही ठाऊक नाही. बहुतेक नाही.

पण मी गंगीच्या बापाला गाठणार. तिला काढायच्या आधी गाठणार. पुढं काय काय होतं ते त्याला सगळं सांगणार, काही झाकणार नाही. औषध बंद करून पाठवायला लागले तर त्याच्याबरोबर ह्याच पायरीवर उभी राहणार. गंगी घरी राहिली तर संध्याकाळी जाऊन तिला विचारणार. इस्पितळात नेली तर यष्टीत तिच्या शेजारी बसणार, आणि फाटकावर कुणी ऐको न ऐको, तिला दिवा लागतो हे सांगत राहणार. तिच्यानंतर जी असेल तिच्यासाठीही. मी जिवंत आहे तोवर ह्या दवाखान्यातून एकही पोर एकटी बाहेर पडणार नाही.

मी उठले. गुडघ्याचं रक्त वाळलं होतं. इंदापूरचा रस्ता धरला.